गेटचं निव्वळ वजन

इंग्रजी भाषेतलं एकच क्रियापद, पण ते मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत येणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच असावा, आणि तो आमच्या कोल्हारात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे विधान मी जपून करतो आहे. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. उसाच्या गाडीचं वजन लिहिताना एका किलोचासुद्धा अंदाज करायचा नाही, अशी एकोणीस वर्षांची सवय आहे. 'अख्ख्या हिंदुस्थानात' हे शब्द लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं, पुन्हा विचार केला, आणि शब्द तसेच राहू दिले. ते क्रियापद म्हणजे 'गेट'. गॉट आणि गेटिंग ही त्याचीच मुलं, एकाच रेशनकार्डावरची, असं हे माझे शेजारी म्हणत. बाकीच्या इंग्रजीशी त्यांचं भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं.

गावात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. तारखात्यात बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि बायकोचं माहेर म्हणून कोल्हारला आले. पहिल्याच वर्षी बायको गेली. माहेर तेवढं मागे राहिलं, आणि त्या माहेराशी काय बोलायचं हे त्यांना कधीच कळलं नाही. दोन खोल्या, एक मांजर, पत्र्याची एक ट्रंक आणि बारा महिने अंगात असलेला एक काळा कोट, एवढा त्यांचा संसार. उजव्या हाताचं पहिलं बोट मात्र एक क्षण स्वस्थ नसे. गुडघ्यावर, टेबलावर, देवळाच्या पायरीवर ते टकटक करत राही. कुठलाही आवाज झाला की त्यात काही मजकूर आहे का, हे ते आधी ऐकत. नदीकाठच्या बाभळीवर एकदा सुतारपक्षी चोच मारत होता. मास्तर माझी सायकल धरून पाच मिनिटं उभे राहिले आणि मला म्हणाले, "अर्थ लागत नाही. पण स्पीड चांगला आहे."

बोलणंही तारेतलं. एक शब्द जास्त झाला तर आपल्या खिशातून जाणार, असं मोजून बोलत. आमच्या घरी सकाळी त्यांची चिठ्ठी येई: 'दूध नासले. मांजर निर्दोष. वाटीभर पाठवणे.' सुरुवातीला आमची मंडळी चिडत. "हा माणूस मागतोय का हुकूम सोडतोय?" असं मला विचारत. पुढे त्यांनाच सवय लागली. एके दिवशी मी कामावरून आलो तर ओट्यावर कागद होता: 'माहेरी गेले. भाकरी दुरडीत. पिठलं गरम करणे.' मी तो तारमास्तरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "'गेले' काढता आलं असतं."

आमच्या मधली भिंत सामाईक होती. संध्याकाळी पाच वाजता ते पलीकडून बोटाने काहीतरी वाजवत आणि मी इकडून दोन टकटका देत असे. त्यांनी काय वाजवलं हे मला कधीच कळलं नाही. माझ्या दोन टकटकांनाही काही अर्थ नव्हता. पण ते चुकवलेलं त्यांना खपत नसे. सकाळी मी सायकल काढली की ते ओट्यावर असत. मी म्हणायचो, "काय मास्तर, कसं काय?" ते म्हणायचे, "ठीक. निघणे." मी निघायचो. सहा वर्षांत यात बदल झाला नाही.

आता हे गेटचं प्रकरण. ते कसं सुरू झालं, हे मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं काढलं, कारण सलग सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांच्या बोटांखालून लोकांच्या तारा गेल्या. त्यातल्या बऱ्याच इंग्रजीत. माणूस तारेत शब्द वाचवायला बसला की सगळं काढतो, नमस्कार काढतो, स्वतःचं आडनाव काढतो, पण गेट काढत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. नोकरी लागली तरी गेट, रजा मिळाली नाही तरी गेट, लग्न, आजार, गाडी चुकली, सगळीकडे हा एवढासा शब्द ओझं वाहताना दिसे. मी विचारलं, "उदाहरणार्थ?" तर ते एकदम ताठ झाले. "मजकूर सांगता येत नाही. सही केलेली आहे." तारेतला मजकूर कुणाला सांगणार नाही, असं नोकरीला लागताना त्यांनी लिहून दिलं होतं. निवृत्त झालो म्हणून सही पुसली जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. म्हणजे ज्या माणसाने हजारो गेट स्वतःच्या हातांनी पाठवले, त्याला त्यातलं एकही वापरायची मुभा नव्हती. कोल्हारात आले तेव्हा त्यांनी शून्यापासून सुरुवात केली.

आणि नियम असा घालून घेतला की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. रेडिओवरचं चालणार नाही. कुणी कुणाला बोललेलं आपण ऐकलं, तेही चालणार नाही, कारण ते दुसऱ्याचं. वाक्य त्यांनाच उद्देशून बोललेलं किंवा लिहिलेलं पाहिजे, आणि त्यांनी न मागता आलेलं पाहिजे. एका वाक्याला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर वाक्य, बोलणारा, ठिकाण, वेळ. मी म्हणालो, "मास्तर, कोल्हारात तुमच्याशी इंग्रजी बोलणार कोण?" ते म्हणाले, "बघू."

चिठ्ठ्यांसाठी कागद मी दिला. कारखान्याच्या वजनपावत्यांची एक खेप रकाना चुकून छापली गेली होती आणि रद्दीत निघाली होती. तरी मी रीतसर अर्ज करून, मोठ्या कारकुनाची सही घेऊन त्यातले चार गठ्ठे आणले. पावत्यांची मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूचे रकाने मात्र मास्तर चष्मा पुसून पुसून बघत राहिले. "हे तीन कसले?"

मी सांगितलं. उसाची गाडी आली की आधी ती भरलेली काट्यावर घ्यायची. मग ऊस उतरवून तीच गाडी रिकामी घ्यायची. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उसाचं निव्वळ वजन. गाडीवान दोन्ही वेळा खाली उतरलेला पाहिजे. कारण काहीजण भरलेल्या गाडीला वर बसून राहतात आणि रिकाम्या गाडीला उतरतात. मग त्यांचं वजन उसात जमा होतं. मागच्याच आठवड्यात एकाला मी उतर म्हटलं तर तो म्हणाला होता, "आवं भाऊसाहेब, म्या काय ऊस हाय का?" मी म्हणालो, "नाहीस, म्हणूनच उतर."

मास्तरांनी पावती पुन्हा उजेडात धरली. बोट चालू होतं. मग म्हणाले, "कागद उलटा वापरायचा नाही. सुलटाच वापरणे."

त्या दिवसापासून ते वाक्यं तोलू लागले. वाक्य आधी भरलेलं बोलायचं, मग त्यातून गेट उतरवायचं आणि रिकामं बोलायचं. दोहोंतला फरक म्हणजे गेटचं निव्वळ वजन. कारखान्यातल्या कुणाला हे सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून मी सांगितलं नाही. पण खरं सांगायचं तर पद्धत बरोबर होती. कुणी म्हणालं 'गेट मी अ चेअर', तर गेट काढून नुसतं 'अ चेअर' म्हटलं तरी खुर्ची येतेच. तेव्हा गेटचं वजन जवळजवळ काही नाही. पण 'गेट वेल' मधून गेट काढलं तर 'वेल' उरतं, म्हणजे माणूस आधीच बरा आहे. "अख्खं आजारपण गेटमध्ये होतं, भाऊसाहेब," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी वर्षातून एकदा ऐकत असे.

वाक्यं त्यांना पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर मिळत. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबत. मद्रासकडची माणसं, मुंबईची माणसं. रेडिएटरला पाणी घालायची, चहा प्यायची. मास्तर काळा कोट घालून जवळ जाऊन नुसते उभे राहत. विचारायचं काही नाही, कारण मागितलेलं चालत नव्हतं. रस्ता चुकलेला माणूस गेटशिवाय बोलूच शकत नाही, हा त्यांचा शोध. 'हाऊ डू आय गेट टु शिर्डी?' हे एकच वाक्य त्यांच्याकडे एकसष्ट वेळा होतं. मी म्हणालो, "एकच वाक्य एकसष्टदा कशाला?" ते म्हणाले, "काल ऊस तोलला म्हणून आज तोलत नाही?"

एकदा एक काळ्या चष्म्याचे गृहस्थ भर उन्हात गाडीचं चाक बदलत होते. मास्तर शेजारी वीस मिनिटं उभे. काही बोलत नाहीत, हलत नाहीत, बोट तेवढं कोटावर चाललेलं. शेवटी त्या गृहस्थांचा तोल गेला आणि ते ओरडले, "गेट लॉस्ट!" मास्तरांनी वाकून आभार मानले, खिशातून पावती काढली आणि त्यांचं नाव विचारलं. गृहस्थांना वाटलं, हा कुणीतरी सरकारी माणूस आहे आणि आता तक्रार होणार. त्यांनी माफी मागितली आणि बिस्किटांचा पुडा दिला. मास्तर जवळजवळ पळतच आमच्या घरी आले. चेहरा असा की मला वाटलं, मुंबईला असलेल्या त्यांच्या मुलाला बढती मिळाली.

आमच्या मंडळींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शिवीच दिली ना त्यांनी?"

"हो," मास्तर म्हणाले. "पण मला दिली."

मंडळी आत गेल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "ह्यांना कुणीतरी नुसतं बोलायला पाहिजे. बाकी काही झालेलं नाही ह्यांना." मी म्हणालो, "आपण बोलतोच की." त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलता? तुम्ही टकटक करता."

टपरीवाल्याला मास्तरांचा लळा होता. त्याने कुणाकडून तरी एक वाक्य घोटून घेतलं आणि एका सकाळी कप पुढे करून म्हणाला, "तारमास्तर, प्लीज गेट टी." मास्तरांनी कप घेतला, चहा प्यायले, पण पावती काढली नाही.

"का वो? न्हाई का बराबर?"

"बरोबर आहे. नोंद नाही."

"आवं पर म्या मनापासून म्हनलं."

"गाडीवान बसलेला आहे," मास्तर म्हणाले आणि निघून गेले. टपरीवाला संध्याकाळी मला विचारायला आला, "कुठं बसलाय गाडीवान? म्या तर येकलाच हुतो." मी त्याला समजावलं की तू चहा देत नव्हतास, तू मास्तरांना खूश करत होतास; वाक्यावर तू स्वतः बसला होतास. त्याला ते पटलं नाही. त्याने आणखी चार दिवस त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, एवढंच.

दर पाडव्याला मी त्यांच्या चिठ्ठ्या मोजून द्यायचो. लोक वह्यांची पूजा करतात, आम्ही मोजणी करायचो. पहिल्या पाडव्याला सतरा निघाल्या होत्या. पाचव्या पाडव्याला मी मोजल्या तेव्हा दोनशे अकरा झाल्या. पण मास्तर म्हणाले, "दोनशे दहा." मी पुन्हा मोजल्या. दोनशे अकराच. गठ्ठ्याच्या तळाशी एक पावती होती, जुनी, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्यावर वाक्य लिहिलेलं होतं, पण बोलणारा नाही, ठिकाण नाही, वेळ नाही, वजनाचे तिन्ही रकानेही कोरे. वाक्य होतं, 'हाऊ आर यू गेटिंग ऑन?'

"ही भरलेली नाही," मास्तर म्हणाले. "मोजू नये."

मी अर्थ विचारला. त्यांनी बोट थांबवलं. "विचारपूस. कसं चाललंय तुमचं, असं. पुस्तकात आहे. मला कुणी म्हटलेलं नाही." मग पावतीवर बोट ठेवून, "ह्यातून गेट काढून बघा. काही उरत नाही. खुर्ची नाही, शिर्डी नाही. गाडीत मालच दिसत नाही, आणि काटा मात्र खाली जातो. असं हे एकच आहे."

मी ती पावती तळाशी परत ठेवली. घरी आल्यावर मात्र स्वस्थता लागेना. पाच शब्दांचं वाक्य. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण एवढं मला म्हणता आलं असतं. भिंतीपलीकडे जायचं आणि म्हणायचं. पण ती पावती मी पाहिली होती. तिच्याकडे पाहिलं त्याच क्षणी मी बाद झालो होतो. मी बोललो असतो तर टपरीवाल्यासारखाच वाक्यावर बसून बोललो असतो. आणि ज्याने नियम इतका जपला त्याच्यापुढे खोटं वजन ठेवायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. मी आपला रोज सकाळी मराठीत "काय मास्तर, कसं काय?" म्हणत राहिलो. ते "ठीक. निघणे" म्हणत राहिले.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. काट्यावर जिथे पहाटेपासून गाड्यांची रांग असायची तिथे मी दुपारभर एकटा बसू लागलो. पाथर्डीकडची ऊसतोडीला आलेली काही कुटुंबं परत गेली नाहीत, कारण गावी जाऊन प्यायला पाणी नव्हतं. ती नदीच्या कोरड्या पात्रात पालं ठोकून राहिली आणि खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. त्यांच्या पोरांना औषधं आणि दूध-भुकटी द्यायला एक परदेशी बाई जीपमधून येत. त्यांना मराठी येत नव्हतं. एके दिवशी त्यांच्याबरोबरचा दुभाषा आला नाही, आणि तारेपुरतं का होईना मास्तरांना इंग्रजी कळत होतं, म्हणून टपरीवाल्याने मास्तरांना बोलावून नेलं.

मास्तर दिवसभर त्यांच्याबरोबर हिंडले. संध्याकाळी पाच वाजता भिंतीवर टकटक झाली नाही. मी बघायला गेलो. ते ट्रंकेवर बसले होते आणि पुढ्यात नव्या अकरा पावत्या होत्या. एका दिवसात अकरा असं कधीच झालं नव्हतं. मी अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली.

"ते वाक्य आलं," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला नाही. "मग?"

"मला नाही."

झालं होतं ते असं. एका पालात एक बाई तापलेलं पोर घेऊन बसली होती. परदेशी बाईंनी आदल्या दिवशी त्याला औषध दिलं होतं. त्या उकिडव्या बसल्या, पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि मास्तरांना म्हणाल्या, हिला विचारा, 'हाऊ इज ही गेटिंग ऑन?' मास्तरांनी विचारलं. आणि ती बाई बोलायला लागली. पोराने सकाळी दूध घेतलं, मग ओकलं, मग पुन्हा घेतलं. नवरा खडीवर गेलाय, त्याचा हात चिरलाय. सासू गावी एकटी आहे, तिला निरोप नाही. "ती पुष्कळ बोलली," मास्तर म्हणाले. "आणि ह्या बाईंना अक्षर कळत नव्हतं, तरी त्या शेवटपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, चाइल्ड बेटर."

बोट गुडघ्यावर होतं, पण हलत नव्हतं.

"तार केली मी, भाऊसाहेब. ती बाई एवढं बोलली, आणि मी तार केली."

त्या दिवसानंतर ते पुलाजवळ जायचे, पण पावत्या कमी व्हायला लागल्या. फेब्रुवारीत आमच्या आळीतली विहीर आटली आणि मुलगा त्यांना न्यायला आला. मुंबईत, मुलुंडला, तो कुठल्याशा कंपनीत होता. मुलगा वाईट नव्हता. बापाची वळकटी त्याने स्वतः उचलली, मांजराची चौकशी केली, आमच्या मंडळींना दोनदा नमस्कार केला. तो फक्त घाईत होता. मांजर आमच्याकडे राहिलं. एसटीत बसल्यावर मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर बोटाने काहीतरी वाजवलं. मी गाडीच्या अंगावर दोन टकटका दिल्या. कंडक्टर म्हणाला, "सरका मागं, भाऊसाहेब."

आठवड्याने कार्ड आलं. 'पोचलो. तिसरा मजला. पाणी भरपूर. घरात दिवसभर इंग्रजी. नोंदी शून्य.'

मी लिहिलं की घरात इंग्रजी आहे तर नोंदी शून्य कशा? दुसरं कार्ड आलं. 'मुलगा-सून एकमेकांत. नात शाळेशी, फोनशी. सगळं डोक्यावरून जातं. मला उद्देशून मराठी. विषय जेवण, औषध. सुनेचे एक वाक्य आले, बेल वाजता गेट द डोअर. नोंद केली. एकूण एक.'

त्यानंतर दोन महिने काही नाही. संध्याकाळी पाच वाजता मी भिंतीकडे बघायचो. पलीकडे कुणी राहायला आलं नव्हतं. मंडळी एकदा म्हणाल्या, "लिहा की त्यांना." मी कार्ड घेऊन बसलो. मांजराचं लिहिलं, टँकरचं लिहिलं, काटा बंद असल्याचं लिहिलं. चार ओळींची जागा उरली. मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती मला खरोखरच जाणून घ्यायची होती. ती मराठीत लिहिली तर ते 'ठीक' म्हणून मोकळे होतील, हे मला ठाऊक होतं. मी इंग्रजीत लिहिलं. 'हाऊ आर यू गेटिंग ऑन?' लिहिल्यावर मला पावती आठवली नाही असं म्हणणं खोटं होईल. आठवली. तरी कार्ड टाकलं.

उत्तर बारा दिवसांनी आलं. कार्ड नव्हतं, पाकीट होतं. पहिल्या ओळी नेहमीसारख्या होत्या: 'वाक्य पोचले. तोलले. गाडीवान काट्यावर बसलेला आढळला. नोंद नाही.' मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मग एक ओळ कोरी होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'प्रश्नाचं उत्तर मात्र देतो.'

पुढे तीन पानं होती. मी ती दोनदा वाचली आणि मग सवयीने शब्द मोजले. पाचशे चाळीस. सहा वर्षांत भिंतीपलीकडून मला इतके शब्द आले नव्हते. 'परंतु' होते, 'म्हणून' होते, वाक्यं एकमेकांचा हात धरून चालली होती. सकाळी आठ वाजता सगळे घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी सातपर्यंत आपण खिडकीशी बसतो, असं लिहिलं होतं. बायको गेली तेव्हा आपण मुलाला तारच केली होती, पाच शब्दांची, आणि त्यानंतर त्या विषयावर मुलाशी कधी बोलणं झालं नाही, कारण मजकूर पोचला होता. नातीला आपलं मराठी तुटक वाटतं आणि ती हसते, पण तिचं हसणं चांगलं आहे. आमच्या घरच्या जात्याचा आवाज तिथे नाही. एका संध्याकाळी पाच वाजता आपलं बोट आपोआप भिंतीवर गेलं. पलीकडच्या बिऱ्हाडातून कुणीतरी रागाने दणादण ठोकलं. 'अर्थ लागला नाही. पण स्पीड चांगला होता.'

आणि शेवटी: 'तुम्ही रोज सकाळी विचारत होतात. मी ठीक म्हणत होतो, कारण तुमचा एक पाय पेडलवर असे. चूक दोघांची सारखी धरावी.'

पाकिटात ती पावती होती. कडा पिवळ्या पडलेली, वाक्य लिहिलेली, बाकी कोरी. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'उत्तर देऊन झाले. माझ्याकडे आता भरता येणार नाही. तुमच्याकडे असू द्या. नियम तेच.'

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, पाच पानी. त्यांचंही उत्तर आलं. अशी पत्रं चालू आहेत. त्यांत आता इंग्रजी नसतं.

यंदा पाऊस झाला आणि कारखाना पुन्हा सुरू आहे. मास्तरांची ती पावती माझ्या टेबलाच्या खणात, पावतीबुकाखाली असते, अजून कोरीच. गाड्यांची रांग लागलेली असते. गाडीवान बैलगाडी काट्यावर घेतो, न सांगता खाली उडी मारतो आणि म्हणतो, "काय भाऊसाहेब, कसं काय?" त्याचं लक्ष काट्याच्या आकड्याकडे असतं. मी म्हणतो, "ठीक," आणि पुढची गाडी घेतो.